एलईडी बल्बची मान तापते, त्यात वाईट काय?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. जुळे सोलापुरात सगळ्यात वरच्या मजल्यावर फ्लॅट आहे. हॉलमध्ये आणि दोन्ही बेडरूममध्ये छताला गोल, काचेचे बंद डोम आहेत. त्यांत १२ वॅटचे एलईडी बल्ब लावले की दहा-अकरा महिन्यांत एकेक करून जातात, खोक्यावर मात्र २५,००० तास छापलेले असतात. काढायला जावं तर बल्बची मान चटका बसेल इतकी गरम. दुकानदार म्हणतो व्होल्टेजचा दोष आहे, मिस्टर म्हणतात आता १५ वॅटचा भारी बल्ब लावू. आणि तुम्ही विचारताय की एलईडी तापत नाही असं सगळे सांगतात, मग हा तापतो कसा, आणि तापतो म्हणजे माल डुप्लिकेट आहे का.

आधी शेवटच्या शंकेचं बघू. मान तापते म्हणून माल डुप्लिकेट ठरत नाही. मान तापते म्हणजे आतली उष्णता निदान बाहेर तरी येतेय. मी जास्त संशय घेतो तो भरपूर उजेड देऊनही तासाभराने बाहेरून गार लागणाऱ्या स्वस्त बल्बचा. त्याची उष्णता कुठे गेलेली नसते, आत कोंडलेली असते. तुमच्या घरातला मुख्य दोष डोममध्ये आहे आणि डोमच्या वर असलेल्या स्लॅबमध्ये आहे. व्होल्टेज त्यात भर घालतं, म्हणजे दुकानदार अर्धा बरोबर. मिस्टरांचा १५ वॅटचा बल्ब मात्र त्याच डोममध्ये १२ वॅटच्याही आधी जाईल.

आता 'एलईडी तापत नाही' हे कुठून आलं ते सांगतो. जुना ६० वॅटचा पिवळा बल्ब आठवा. त्यात जाणाऱ्या विजेपैकी जेमतेम पाचेक टक्क्यांचा उजेड व्हायचा. बाकीची बहुतेक वीज उष्ण किरण होऊन उजेडाबरोबरच समोर फेकली जायची, म्हणून त्याच्यासमोर हात धरला की भाजायचं. पण आतली टंगस्टनची तार मुळात अडीच हजार अंशांच्या आसपास तापूनच काम करायची. खोलीत २० अंश असोत की ४५, तिला त्याचं काही नव्हतं. एलईडीच्या उजेडात हे उष्ण किरण जवळपास नसतातच. समोर हात धरा, गार लागतं. लोकांनी तेवढंच पाहिलं आणि एलईडी तापत नाही असं ठरवून टाकलं.

खरं असं आहे की एलईडीला दिलेल्या विजेतली ३५ ते ४० टक्के उजेडात जाते. उरलेली सगळी उष्णता होते, आणि तीही तांदळाच्या कणीहून लहान चिपमध्ये. उजेडाबरोबर ती समोरून जात नाही. तिला मागच्या बाजूने, धातूतून वाट काढत बाहेर पडावं लागतं. एकूण उष्णता जुन्या बल्बच्या मानाने फारच कमी आहे. ६० वॅटचा बल्ब पंचावन्नच्या पुढे वॅट उष्णता टाकायचा, तेवढाच उजेड देणारा ९ वॅटचा एलईडी पाच-सहा वॅट टाकतो. फरक सोसण्याचा आहे. टंगस्टनच्या तारेला उष्णतेचं काही वाटत नव्हतं. एलईडीची चिप शंभरीच्या पुढे सतत राहिली की म्हातारी व्हायला लागते, आणि मानेत बसलेला ड्रायव्हर, म्हणजे घरातली वीज एलईडीला लागेल तशी करून देणारं सर्किट, तिच्याही आधी.

बल्ब उघडून दाखवता आला असता तर लगेच पटलं असतं. तसं लिहूनच सांगतो, तुम्ही मात्र घरी उघडू नका, कारण खाली येईलच. पांढरी टोपी काढली की आत रुपयापेक्षा मोठी, पांढऱ्या रंगाची ॲल्युमिनियमची गोल प्लेट दिसते. तिच्यावर पिवळे चौकोनी ठिपके बसवलेले असतात, ते एलईडी. साधारण २.८ बाय ३.५ मिलिमीटरचे, म्हणून बाजारात त्यांना २८३५ म्हणतात. आतली चिप निळा उजेड देते, वरची पिवळी पावडर त्याचा पांढरा करते. हे सगळे ठिपके एकामागे एक, माळेत जोडलेले. गेलेल्या बल्बात बहुतेक वेळा एका ठिपक्याच्या मधोमध मोहरीएवढा काळा डाग सापडतो. तेवढा एकच मेलेला असतो, पण माळ तुटली म्हणून सगळा बल्ब बंद.

आता ती प्लेट उपसून तिच्या पाठीकडे बघायचं. तिथे आणि खालच्या ॲल्युमिनियमच्या वाटीत पांढरी किंवा राखाडी पेस्ट असते. दोन धातू एकमेकांवर कितीही घट्ट दाबले तरी मध्ये बारीक फटी राहतात आणि त्यांत हवा असते. हवेतून उष्णता जवळजवळ वाहतच नाही. ॲल्युमिनियमची उष्णता वाहण्याची क्षमता दोनशेच्या घरात धरली, तर त्याच मापात हवेची ०.०२६ भरते. साध्या पेस्टची एक ते तीन असते. म्हणजे पेस्टही काही भारी नाही, पण हवेच्या चाळीस ते शंभरपट चांगली. चांगल्या बल्बात तिचा पातळ, सगळीकडे सारखा थर असतो. वाईट बल्बात मधोमध एक टिपका टाकून प्लेट दाबलेली असते, कडेला धातू कोरडा ठणठणीत. त्या कोरड्या कडेला बसलेले ठिपकेच काळे पडलेले मी जास्त बघितलेत. काही बल्बांत पेस्टच नसते, दोन स्क्रूही नसतात, प्लेट नुसती कडेच्या दाबावर अडकवलेली असते. दिल्लीहून किट आणून गल्लीत जुळवलेल्या मालात हे जास्त. पण नावाजलेल्या खोक्यातला माल नेहमी सोवळा असतो असंही समजू नका.

पेस्टनंतर ॲल्युमिनियमची वाटी येते. ती बाहेरून प्लॅस्टिकने मढवलेली असते. त्यावर बरेच जण हळहळतात, की धातू उघडा असता तर जास्त गार राहिला असता. तसं सरसकट नाही. चकचकीत उघडं ॲल्युमिनियम उष्णतेचे किरण फार कमी सोडतं. रंग दिलेला किंवा प्लॅस्टिक मढवलेला पृष्ठभाग त्याच्या कितीतरी पट जास्त सोडतो. शिवाय हाताला करंट लागत नाही. प्रश्न आतल्या वाटीच्या जाडीचा आणि उंचीचा आहे. ती मानेपर्यंत उतरलेली हवी. बऱ्याच स्वस्त बल्बांत ती अर्ध्यातच संपते, खाली नुसतं प्लॅस्टिक.

याच सदरात एक गोष्ट सांगितली पाहिजे. स्वस्तात एलईडी बल्ब देणारी सरकारची उजाला योजना ५ जानेवारी २०१५ ला सुरू झाली आणि घरोघरी एलईडी पोचला. घाऊक खरेदीत जो बल्ब २०१४ मध्ये ३१० रुपयांना पडत होता, तो दोनेक वर्षांत ४० रुपयांच्या खाली आला. त्या आधीचे बल्ब हातात घेतले की जड लागायचे, ओतीव ॲल्युमिनियमच्या पात्या असायच्या. आताचे पिसासारखे हलके. यात सगळी फसवणूक नाही. चिपा सुधारल्या, तेवढ्याच उजेडाला कमी वीज लागते, त्यामुळे टाकायची उष्णताही कमी झाली. पण वाचलेल्या उष्णतेपेक्षा धातू जास्त वाचवला गेला, असं माझं मत आहे. गार देशात, उघड्या होल्डरमध्ये ते चालून जातं. आपल्याकडे चालत नाही.

आपल्याकडे म्हणजे काय, ते बघा. सोलापुरात मे महिन्यात पारा ४२-४४ वर जातो हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण दिवे लावायची वेळ दुपारची नसते, संध्याकाळची असते, आणि तिथेच हिशोब चुकतो. आरसीसी स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि संध्याकाळी सातनंतर ते खोलीत सोडायला लागतो. रात्री दहाला बाहेर गॅलरीत वारं सुटलेलं असतं, तरी वरच्या मजल्यावर छताला हात लावला तर कोमट नाही, चांगलं गरम लागतं. खोलीतली गरम हवाही वरच जाऊन बसते. म्हणजे पंख्याखाली तुम्हाला ३४-३५ अंश वाटत असताना छताला चिकटलेल्या डोमभोवती चाळीस सहज असतात. गावाकडची माळवदाची घरं यात बरी, मातीचा जाड थर एवढं ऊन आत येऊ देत नाही. पत्र्याचं घर दुपारी भट्टी होतं पण रात्री लवकर निवतं, त्यामुळे तिथे फक्त रात्री जळणाऱ्या बल्बला त्रास कमी. सगळ्यात वाईट गाठ आहे ती वरचा मजला, उघडा स्लॅब आणि बंद डोम, म्हणजे नेमकी तुमची.

ढोबळ आकडे घालून बघू. १२ वॅटच्या बल्बात ड्रायव्हर दीडेक वॅट खातो आणि चिपा सहा-साडेसहा वॅट उष्णता करतात, मिळून आठ वॅट धरा. एवढ्याने साध्या बल्बची आतली प्लेट आजूबाजूच्या हवेपेक्षा ५० अंशांनी जास्त तापते असं धरू. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेच्या दिवसांत, जानेवारीत, संध्याकाळी हवा २४ अंश आणि होल्डर उघडा, तर प्लेट ७४ वर, चिप ८० च्या आसपास. ठीक आहे, बल्ब वर्षानुवर्षं चालेल. तोच बल्ब मे महिन्यात तुमच्या डोममध्ये घाला. डोमबाहेर ४०. बंद काचेत कोंडलेली हवा आणखी १५ ते २० ने वर, म्हणजे ५५ ते ६०. त्यावर ५० चढले की प्लेट १०५ ते ११०, चिप त्याच्याही वर. बल्ब तोच, कंपनी तीच, खोकं तेच.

त्यात तुमचा बल्ब उलटा टांगलेला आहे, मान वर आणि टोपी खाली. गरम हवा वर चढून मानेतच साठते, आणि ड्रायव्हर नेमका तिथे बसलेला. टेबल लॅम्पमध्ये मान खाली असते, तिथे तोच बल्ब जास्त टिकतो.

ड्रायव्हरमध्ये बहुतेकदा एक छोटा दंडगोल कपॅसिटर, म्हणजे थोडी वीज साठवून ठेवणारा भाग, असतो. त्याच्या अंगावर १०५ अंश लिहिलेलं असतं. अर्थ असा की १०५ अंशांवर तो ठराविक तास टिकेल, स्वस्तातला २,००० तास. त्याचा नियम सगळ्या इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांना तोंडपाठ असतो, तापमान दहा अंशांनी उतरलं की आयुष्य दुप्पट. ९५ वर ४,००० तास, ८५ वर ८,०००, ७५ वर १६,०००. रोज सहा तास दिवा लावला तर १६,००० तास म्हणजे सात वर्षांच्या वर. आणि २,००० तास म्हणजे अकरा महिने. वर्षभर मे नसतो, पावसाळ्यात-थंडीत डोम थोडा निवतो, म्हणून हिशोब इतका काटेकोर बसणार नाही. पण तुमचे बल्ब दहा-अकरा महिन्यांत का जातात याचा अंदाज तुम्हाला आला असेल. कपॅसिटर मरताना एकदम मरत नाही. आधी बल्ब लुकलुकतो, मग लावल्यावर पेटायला वेळ घेतो, मग एक दिवस पेटतच नाही. लुकलुकायला लागलेला बल्ब उघड्या होल्डरमध्ये हलवला तर काही महिने आणखी निघतात.

हल्ली बऱ्याच बल्बांत हा कपॅसिटर आणि वेगळा ड्रायव्हर दोन्ही नसतात. एलईडीच्या प्लेटवरच एक-दोन छोट्या आयसी, म्हणजे करंट सांभाळणाऱ्या चिपा, बसवलेल्या असतात. याला डीओबी, म्हणजे 'ड्रायव्हर ऑन बोर्ड' म्हणतात. मोबाइलचा कॅमेरा बल्बसमोर धरला आणि पडद्यावर काळे पट्टे सरकताना दिसले, तर बहुधा तोच. यात कपॅसिटर मरण्याची भानगड नाही, पण उष्णता करणारे सगळेच एका प्लेटवर येतात. आणि इथेच तुमच्या दुकानदाराचं व्होल्टेज लागू पडतं. या आयसी करंट नेमका ठेवतात, पण वरचं जादा व्होल्टेज स्वतःच्या अंगावर झेलून, म्हणजे उष्णता करून. २३० च्या जागी २५५ आले की १२ वॅटच्या बल्बात जवळपास एक वॅट उष्णता जास्त होते. उजेड तेवढाच, त्यामुळे तुम्हाला काही कळत नाही. मध्यरात्रीनंतर लोड कमी झाला की व्होल्टेज चढतं, म्हणून रात्रभर जळणारे जिन्यातले आणि पॅसेजमधले दिवे आधी जातात. चांगल्या आयसीत ठराविक तापमानापुढे करंट आपोआप कमी करायची सोय असते. बल्ब तासाभराने मंद होतो आणि बंद करून गार झाल्यावर परत लख्ख लागतो, असं दिसलं तर बिघाड समजू नका. तो स्वतःला वाचवतोय.

घरातले सगळे बल्ब एकाच रात्री गेले, फ्रिजचा स्टॅबिलायझर कुईकुई करायला लागला, तर मात्र उष्णता नाही, न्यूट्रल सुटलाय. मेन बंद करा आणि वायरमनला बोलवा. तो वेगळा विषय.

दहा-वीस रुपयांत बल्ब दुरुस्त करून देणारेही आहेत आपल्याकडे. त्यांच्या पोटावर मला पाय द्यायचा नाही, पण काय होतं ते सांगतो. काळा पडलेला ठिपका खरवडून तिथे सोल्डरचा थेंब टाकतात आणि माळ परत जोडतात. बल्ब लागतो. पण डीओबी बल्बात तो एक ठिपका बऱ्याचदा १८ व्होल्टचा असतो. ते १८ व्होल्ट आता आयसीच्या डोक्यावर बसतात, अर्ध्या वॅटच्या पुढे उष्णता जास्त. शिवाय बाकीचे ठिपके तेवढेच म्हातारे झालेले असतात. महिना-दोन महिन्यांत दुसरा जातो. मेलेल्याच्या जागी त्याच मापाचा नवा ठिपका बसवून, जुनी पेस्ट पुसून नवी लावून देणारा मिळाला तर दुरुस्ती परवडते.

आणि उघडू नका का म्हणालो ते आता. या बल्बांत मेनची लाइन आणि एलईडीच्या प्लेटमध्ये काही आडोसा नसतो. टोपी काढलेला बल्ब होल्डरमध्ये लावून बोट लावलंत तर ते थेट २३० ला लावल्यासारखं आहे. टोपी फुटलेला बल्ब 'चालतोय ना' म्हणून बाथरूममध्ये तसाच ठेवणारी घरं मी बघितलीत. तो आजच काढा.

सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमागाच्या कारखान्यांतले दिवे मी बरेच बघतो, तिथली एक गोष्ट घरालाही लागू आहे. माग चालले की कापसाची रुई उडते आणि महिनाभरात प्रत्येक बल्बच्या मानेवर करड्या केसाळ थराने बसते. बल्बला चादर पांघरून झोपवल्यासारखंच ते, फक्त चादर आपल्याच गावची. तो थर ब्रशने झाडला आणि अर्ध्या तासाने परत मोजलं तर मानेचं तापमान उतरलेलं दिसतं. मोजताना मी चिमूटभर काळी इन्सुलेशन टेप चिकटवून तिच्यावर इन्फ्रारेड गन धरतो. चकचकीत धातूवर ती गन खोटं, कमीच दाखवते, आणि लोक 'बघा, गार आहे' म्हणून मोकळे होतात. घरात रुई नसली तरी धूळ असते आणि स्वयंपाकघरात तेलकट थर. गॅसच्या वरच्या दिव्याची मान दोन महिन्यांतून एकदा, स्विच बंद करून, बल्ब निवल्यावर कोरड्या फडक्याने पुसा. एवढं पुरे.

मागाच्या शेडमध्ये हादऱ्याने होल्डरच्या पिनांची स्प्रिंगही ढिली पडते. घरातले जुने बेकेलाइटचे होल्डर वयाने तसेच होतात. बल्ब काढल्यावर कॅपवरचे, म्हणजे होल्डरमध्ये बसणाऱ्या धातूच्या टोकावरचे, दोन सोल्डरचे ठिपके बघा. गुळगुळीत असतील तर ठीक. त्यांवर काळे खड्डे पडले असतील तर आत ठिणगी उडतेय, नवा बल्ब लावण्याआधी होल्डर बदला. चाळीस-पन्नास रुपयांचं काम आहे.

तर तुमच्या घरात काय करायचं. सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे हॉलमधल्या डोमची काच काढून टाका. दिसायला बोडकं वाटेल हे मान्य. मग काच ठेवायचीच असेल तर वायरमनला सांगून काच आणि वरच्या तबकडीच्या मध्ये वॉशर घालून बोटभर फट ठेवा, गरम हवेला वाट मिळाली की बराच फरक पडतो. पहिल्या पावसात किडे आत जातील आणि काच पुसावी लागेल, ती किंमत मोजायची. बाथरूममध्ये मात्र फट ठेवू नका, वाफ जाते. तिथे दिवा जळतोच किती वेळ, ५ किंवा ७ वॅटचा बल्ब बंद डोममध्येही टिकेल.

काच तशीच ठेवून फक्त वॅट उतरवायचे असतील तर १२ च्या जागी ९ किंवा ७ लावा. उजेड कमी पडला तर भिंतीवर एक दिवा वाढवा. एका बंद डोममध्ये १२ वॅट कोंडण्यापेक्षा दोन ठिकाणी सहा-सात वॅट कधीही चांगले. मिस्टरांच्या १५ वॅटच्या बल्बचं शरीर १२ वॅटच्याएवढंच असतं. खोकं मोठं असेल, धातू तेवढाच. २० वॅट आणि त्यापुढचे मोठ्या डोक्याचे बल्ब तर उघड्यावर, मंडपात, दुकानात लावायची चीज आहे.

माझ्या मते हॉलला खरी योग्य वस्तू म्हणजे भिंतीवरची चार फुटी २० वॅटची पट्टी, जिला आपण अजून ट्यूबच म्हणतो. तीच उष्णता चार फूट लांबीवर पसरते, छतापासून हातभर खाली असते, पंख्याचं वारं लागतं. लोकांना ती साधी वाटते आणि डोम श्रीमंत वाटतो. बेडरूममध्ये ज्यांना छतालाच दिवा हवा त्यांनी बल्ब-डोमची जोडी सोडून सरळ छताला चिकटणारा पॅनल घ्यावा, पाठ ॲल्युमिनियमची असलेला. शक्यतो ड्रायव्हर वेगळा असलेला घ्या. मग दिवा नीट असताना ड्रायव्हर गेला तर तेवढाच बदलता येतो. पीओपीच्या छतात असे पॅनल असतील तर तो ड्रायव्हर दिव्याच्या पाठीवर ठेवून देऊ नका, वायरच्या लांबीएवढा बाजूला सरकवा. पीओपीचं काम करणारे तो तसाच टाकून भोक बुजवतात, आणि मग दर उन्हाळ्यात एकेक पॅनल लुकलुकतो.

दुकानात उभं राहून काय बघायचं? पेस्ट किंवा वाटीची जाडी बाहेरून दिसत नाही. वजन थोडं सांगतं, पण फसवूही शकतं. आयएस १६१०२ हा भारतीय मानकाचा क्रमांक आणि आर-ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक बल्बवर छापलेला बघा. नसेल तर तो बल्ब घेऊच नका. मग वॅटमागे ल्युमेन, म्हणजे उजेडाचं माप, किती ते काढा. ९ वॅटला ९०० पेक्षा जास्त ल्युमेन देणारा बल्ब ८०० देणाऱ्यापेक्षा कमी उष्णता करतो, एवढं साधं गणित आहे. सर्ज प्रोटेक्शन, म्हणजे व्होल्टेजच्या अचानक झटक्यापासून संरक्षण, ४ केव्ही (चार हजार व्होल्ट) लिहिलेला मिळाला तर २.५ पेक्षा बरा, विजांच्या दिवसांत उपयोगी पडतो, पण त्याचा उष्णतेशी संबंध नाही. खोक्यावर बारीक अक्षरांत कधी कधी 'पूर्ण बंद फिटिंगमध्ये वापरू नये' अशी इंग्रजी ओळ असते, ती वाचा. २५,००० तासांचा आकडा कंपनीने गार, मोकळ्या हवेतलं वागणं धरून काढलेला असतो, आणि तोही उजेड ७० टक्क्यांवर उतरेपर्यंतचा. तुमच्या डोमसाठी तो नाहीच. वॉरंटी किती वर्षांची, एवढंच खरं. दुकानदाराला कॅपवर मार्करने तारीख लिहायला सांगा. ती उष्णतेने पुसट होते, म्हणून बिलाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा.

वरच्या मजल्याला गच्चीवर उन्हाळ्याआधी चुना मारून घ्या. स्लॅब कमी तापतो, आणि त्याचा फायदा बल्बापेक्षा तुम्हाला जास्त होईल.

तुम्ही शेवटी विचारलंय की लाइट गेल्यावर चालणारा बॅटरीवाला बल्ब हॉलच्या डोममध्ये घालू का. नको. त्यात एलईडी आणि ड्रायव्हरच्या शेजारी लिथियमची बॅटरी कोंडलेली असते. अशा बॅटरीला ४५ अंशांच्या पुढे चार्जच करू नये म्हणतात, आणि हा बल्ब पेटलेला असताना, आपल्याच उष्णतेत, चार्ज होत राहतो. डोममध्ये तिची एक उन्हाळ्यात वाट लागेल. लाइट गेली की दहा मिनिटांत विझणारे बॅटरीवाले बल्ब बहुतेक असेच भाजून निघालेले असतात. तो स्वयंपाकघराच्या दाराजवळ भिंतीवरच्या उघड्या होल्डरमध्ये लावा, तिथे रोज दोन-तीन तास जळू द्या, म्हणजे चार्जही राहील.